पहिलीचा वर्ग मोहाखाली

मी दारू पीत नाही, गाळत नाही आणि विकतही नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण शहापुरातल्या आमच्या सोसायटीत अजूनही तीन बिऱ्हाडं अशी आहेत, ज्यांची या तिन्हींपैकी निदान एका बाबतीत खात्री पटलेली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. एकोणीस वर्षं नोकरी झाली. इतक्या वर्षांत माझ्यावर आलेला सर्वांत गंभीर आरोप म्हणजे फळा पुसताना मी फार खोकतो, हा. असा माणूस पोलिसांसमोर गच्चीवर बसून फुलं मोजून दाखवतो, याला कारण पहिलीचा वर्ग.

माझी शाळा डोळखांबच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून दीड किलोमीटर चढावर, उंबरपाड्यात आहे. दुसरी ते चौथी अनिता मॅडम सांभाळतात, पहिली माझ्याकडे. पट अकरा. अकरा म्हणजे फार नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी पहिलीतली अकरा मुलं फक्त एक तास एका सतरंजीवर बसवून दाखवावीत.

मार्च निम्मा झाला, ऊन वाढलं आणि शाळा सकाळची झाली. सात ते अकरा. मुलांना उन्हाचा त्रास नको, हा त्यामागचा प्रेमळ विचार. पण ज्यांनी हा विचार केला त्यांची मोहाच्या झाडाशी ओळख नसावी. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. उशीर झाला तर गुरं नि बकऱ्या खाऊन टाकतात. त्यामुळे अख्खा पाडा, आजीपासून शेंबड्या पोरापर्यंत, टोपल्या घेऊन झाडाखाली असतो. तेव्हा शाळेची वेळ आणि मोहाची वेळ अशी मिनिटाला मिनिट जुळली, की मुद्दाम ठरवूनही जुळली नसती.

पहिल्या दिवशी वर्गात एकटी भूमिका होती. तिची आई शाळेत खिचडी शिजवते, म्हणून ती हाताला लागली.

"बाकीचे कुठायत गं?"

"मोहाला."

"सगळे?"

"हां. मीबी जानार व्हते, पन आयनं आनला." असं म्हणून ती माझ्याकडे अशी बघत बसली, की आपण एका निरपराध बाईला डांबून ठेवलंय असं मलाच वाटू लागलं. मी तिला 'कमळ' वाचायला सांगितलं. तिने खिडकीतून बाहेर बघत वाचलं.

त्याच दुपारी केंद्रप्रमुखांचा फोन आला. केंद्रप्रमुख म्हणजे आमच्यासारख्या दहाबारा शाळांवर नजर ठेवणारे साहेब. आमचे धानके साहेब माणूस चांगला, पण फोनवर नेहमी गाडी सुटत असल्यासारखे बोलतात.

"सर, दोन गोष्टी. एक, पहिलीसाठी वसंत ऋतूतले उपक्रम घ्यायचेत, फोटो पाठवा. दोन, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडताळणीला मॅडम येणार. शंभरपर्यंत अंक, दशक-एकक, सोपी वजाबाकी. हजेरी बघतील. तुमचा पट आधीच कमी. वर्ग रिकामा दिसला तर शाळा नदीपलीकडच्या शाळेत विलीन करायचा विषय निघतो, एवढं ध्यानात ठेवा."

नदीपलीकडची शाळा चार किलोमीटरवर आहे. सहा वर्षांची किती पोरं तिथवर चालत जातील याचा मी मनात हिशेब केला. भूमिकेचं नाव धरूनही उत्तर तिनाच्या वर जाईना.

घरी आल्यावर मी ही अडचण रंजिताला, म्हणजे माझ्या बायकोला, बाल्कनीत सांगितली. ती चूक झाली. आमच्या इमारतीत बाल्कनीत बोललेली गोष्ट जाहीर सभेत बोलल्यासारखी असते. वरच्या बाल्कनीतून फर्डे काकांचं डोकं बाहेर आलं. काका सोसायटीचे सचिव, महसुलातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातलं निम्मं दुःख लेखी परवानगी न घेतल्याने होतं.

"आधी झाड कुणाच्या नावावर आहे ते बघा," ते म्हणाले.

"काका, मी झाड विकत घेत नाहीये."

"सगळे सुरुवातीला असंच म्हणतात."

समोरच्या आरती वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मुलांना मोबाइलवर मोहाच्या झाडाचा व्हिडिओ दाखवा, बघा कशी पटापट वर्गात येतात." या सल्ल्यावर मी अजूनही विचार करतो आहे.

रंजिता भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरं झाडाखाली आहेत ना? मग तुम्हीच जा की तिथं."

ही कल्पना पुढे मी सगळीकडे स्वतःची म्हणून सांगितली. आज ती तिची तिला परत करतो.

मी अर्ज लिहिला: 'इयत्ता पहिलीचा वर्ग मोहाच्या झाडाखाली भरवण्याबाबत.' आठ दिवस लागतील असं वाटलं होतं, पण तिसऱ्याच दिवशी तो प्रश्नांसह परत आला. नियोजित जागी स्वच्छतागृह आहे काय? संरक्षक भिंत आहे काय? बांधकाम कोणत्या साली झाले? पहिल्या दोन प्रश्नांना मी 'नाही' लिहिलं. तिसऱ्यासाठी गोदू आजीकडे गेलो. झाड तिच्या अंगणाच्या कडेला, आणि माझ्या वर्गातली यमू तिची नात.

"आजी, हे झाड कधीचं?"

"माजा सासरा बारका व्हता तवाबी येवढाच व्हता त्यो."

मी तसंच लिहून पाठवलं. पुढे काहीच उत्तर आलं नाही. त्याला मी परवानगी समजलो.

सोमवारी पहाटेच्या एसटीने निघालो आणि उजाडायला झाडाखाली हजर झालो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, काखेत गुंडाळफळा. मनात एक चित्र होतं: वर फुललेला मोह, खाली गोल करून बसलेली मुलं, मध्ये मी. प्रत्यक्षात तिथे अकरा पाठी होत्या. सगळी मुलं ओणवी होऊन वेचत होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मुलांनो, वसंत ऋतू आला की—"

"गुर्जी! पाय उचला!"

ही यमू होती. यमूची गोष्ट अशी, की जूनपासून मार्चपर्यंत ती वर्गात दोनच शब्द बोलली होती, 'हां' आणि 'नाय', आणि त्यातही 'नाय' जास्त. तिच्या प्रगतिपुस्तकात मी 'अबोल आहे' असं लिहिलं होतं. ती अबोल मुलगी कमरेवर हात ठेवून सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "फुलांव हुबं ऱ्हायलात तुमी!"

मी उजवा पाय उचलला. खाली दोन फुलं चेंगरली होती. पाय बाजूला ठेवला तर तिथेही फुलं. शेवटी बूट काढून फांदीच्या खुंटाला अडकवले आणि एका पायावर उभा राहून माझी प्रतिष्ठा सावरली. तेवढ्यात डोक्यावर टपकन एक फूल पडलं. मोहाचं फूल रसाळ असतं. शर्टावर पडलेल्या फुलाचा डाग धुऊन जात नाही, हे रंजिता अधिक अधिकाराने सांगू शकेल.

"गुर्जी, बोलता बोलता वेचा ना," धर्मा म्हणाला. धर्मा सहा वर्षांचा आहे, पण त्याचा स्वर मुकादमाचा आहे.

मी वेचू लागलो. अर्ध्या तासात कंबर धरली. यमूने माझी टोपली तपासायला घेतली आणि एकेक बाहेर फेकू लागली. "ही कालची. ही बी कालची. यो किडा हाय, गुर्जी." उरलेली फुलं सगळ्यांनी मिळून मोजली. अकरा निघाली. शेजारी वेचणाऱ्या भाविकची टोपली तोवर भरत आली होती. त्या दिवशी माझे विद्यार्थी माझ्यावर जेवढे हसले, तेवढे माझ्या विनोदांना वर्षभरात हसले नव्हते.

पण ती मोजली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. कुणी न सांगता, चढाओढीने, मोठ्याने मोजली.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी झाली. मोहाचं फूल मण्यासारखं असतं, गोल आणि मधून पोकळ. भाविक खराट्याच्या काडीत फुलं ओवत बसला होता, नुसता खेळ म्हणून. मी बघत राहिलो. सप्टेंबरपासून मी प्लास्टिकच्या रंगीत काड्यांचे गठ्ठे बांधून दशक शिकवत होतो. मुलं गठ्ठे छान बांधायची, पण कधी सातांचे, कधी चौदांचे. मी भाविकला विचारलं, "एका काडीत दहा मावतील का रे?"

झालं! खराटा अर्धा संपला. दहा फुलांची काडी म्हणजे दशक, टोपलीतली सुटी फुलं म्हणजे एकक. चार काड्या नि सात फुलं, सत्तेचाळीस. ज्या सत्तेचाळीसने मला सहा महिने छळलं, ते सत्तेचाळीस धर्मा आता उलट्या टोपलीवर बसून, पाय हलवत, सहज सांगत होता. मी अनिता मॅडमना हाका मारून बोलावलं. त्या आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "सर, आधी तोंड पुसा, फूल चिकटलंय."

शुक्रवारी वाळत घातलेल्या काड्यांवर एक बकरी आली. बकरी धर्माच्या बापाची, झिपरूची. तो धावत आला, पण तोवर बकरीचं शिक्षण पूर्ण झालं होतं.

"गुर्जी, माफी करा," झिपरू अगदी गंभीरपणे म्हणाला, "बकरीनं तुमचा धडा खाल्ला."

मला राग आला होता, पण यमू खाली बसून उरलेल्या काड्या मोजत होती. "आठ व्हत्या, गुर्जी. तीन खाल्ल्या. ऱ्हायल्या पाच." मग थांबून म्हणाली, "म्हंजी पन्नास."

वजाबाकी मी अजून शिकवलीच नव्हती. मी झिपरूला सांगितलं, बकरीला रोज सोडत जा.

आता मोहाचे दिवस संपत आले होते आणि पडताळणी तोंडावर. ताजी फुलं चार दिवसांत खराब होतात, वाळवली तर टिकतात. पाड्यातलं प्रत्येक अंगण लोकांच्या फुलांनी भरलेलं, आणि मोकळं दिसेल तिथे ती विद्वान बकरी. गोदू आजीने पिशवीभर फुलं माझ्या हातात ठेवली. "घरी नेऊन वाळवा. पोरांच्या मोजायला व्हतील." तिने दिवसभर वाकून वेचलेली फुलं. मी नको म्हणत होतो, पण माझं कुणी ऐकायचे दिवस संपले होते.

दुपारच्या एसटीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. डोळखांब सोडलं आणि पिशवी उन्हाने तापली. किती तापली ते सगळ्या गाडीला कळलं. शेजारची बाई उठून पुढे गेली. कंडक्टर आला, थांबला, नाक वर केलं.

"मास्तर, पिशवीत काय?"

"शैक्षणिक साहित्य."

"चांगलं मुरलंय साहित्य."

मागच्या बाकावरचा एक म्हातारा मात्र उठून माझ्या शेजारी येऊन बसला. शहापूरपर्यंत नुसता खोल श्वास घेत राहिला. उतरताना त्याने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "गुर्जी, कोनच्या गावाला असता?"

मी फुलं गच्चीवर रंजिताच्या जुन्या साडीवर पसरली, दहादहाच्या काड्या करून. त्याच दिवशी पाण्याची टाकी भरून वाहिली आणि साडी खालून भिजली. वरून ऊन. दुसऱ्या दिवशी वास तिसऱ्या मजल्यावर पोचला, तिसऱ्या दिवशी पहिल्या. फलकावर फर्डे काकांची सूचना लागली: 'काही सभासद गच्चीवर घरगुती उत्पादन करीत असल्याचे आढळले आहे.' आमच्या इमारतीत 'काही सभासद' म्हणजे कोण हे लहान मुलांनाही कळतं. दूधवाला माझ्याशी एकदम सलगीने वागू लागला. आरती वहिनी रंजिताला जिन्यात म्हणाल्या, "वहिनी, काही मनावर घेऊ नका. माणसाला एखादं व्यसन असतंच."

कुणी कळवलं ते मी शोधलं नाही. रविवारी दुपारी चार वाजता एक हवालदार आले. त्यांच्या मागोमाग जवळजवळ अख्खी सोसायटी गच्चीवर आली, कपडे काढायच्या निमित्ताने. दोरीवर एकूण दोन टॉवेल होते.

हवालदारांनी वाकून एक काडी उचलली, हुंगली. "काय आहे हे?"

"दशक," मी म्हणालो.

त्यांनी काडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "किती वर्षांचं?"

रंजिताच पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, हे पहिलीचे मास्तर आहेत. त्यांना फुलं मोजायला सांगा, सगळं कळेल."

मग मी चड्डी-बनियनमध्ये मांडी घालून बसलो आणि जमलेल्या सोसायटीसमोर पहिलीचा तास घेतला. चार काड्या, सात सुटी. त्रेसष्ट. अठ्ठ्याण्णव. बकरीने तीन दशक खाल्ले तर उरले किती? हवालदार आधी उभे होते, मग उकिडवे बसले, मग टोपी काढून शेजारी ठेवली. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "माझी मुलगी पहिलीत आहे. सत्तेचाळीस म्हटलं की चौऱ्याहत्तर लिहिते. मी ओरडतो तिच्यावर." काही वेळ ते काडीवरची फुलं बोटाने पुढेमागे सरकवत राहिले. "यातल्या थोड्या नेऊ का?"

मी त्यांना दहा काड्या कागदात बांधून दिल्या. ज्यांनी त्यांना नुसतं ते वास मारणारं पुडकं घेऊन जिना उतरताना पाहिलं, त्यांच्या मते पोलिसांनी मुद्देमाल जप्त केला. ती तीन बिऱ्हाडं ही.

बाकीच्यांचे मात्र उपकार विसरता येणार नाहीत. भिजलेली फुलं काढून चांगली निवडायची होती, नव्या काड्या करायच्या होत्या. फर्डे काका चष्मा लावून माझ्याशेजारी बसले आणि ओवायला लागले. "मी आधीच म्हणत होतो, लेखी घ्या," एवढं मात्र त्यांनी दर दशकाला एकदा म्हटलं. आरती वहिनींनी घरातला नवा खराटा मोडून आणला. दिवेलागणीपर्यंत आम्ही साठ काड्या केल्या. एकोणीस वर्षांत माझ्या शाळेचं नाव न विचारलेली माणसं मला विचारत होती, की यमू कोण, आणि ती बकरी अजून येते का.

पडताळणीच्या मॅडम बुधवारी येणार होत्या. त्या मंगळवारी आल्या. साडेसातला धानके साहेबांसह शाळेत पोचल्या तेव्हा पहिलीच्या वर्गात एक पाल होती. धानके साहेब शोधत झाडापाशी आले, तर मी अनवाणी, डोक्यावर टोपली, केसांत फुलं. त्यांचा चेहरा बघून मला त्यांचीच काळजी वाटली.

मॅडमनी चपला काढून कडेला ठेवल्या, बघून बघून पाऊल टाकत आल्या आणि यमूसमोर बसल्या. यमूने त्यांच्या पायांकडे बघून मान हलवली. पहिली परीक्षा त्या पास झाल्या.

"समज, तुझ्याकडे वीस चॉकलेटं आहेत," मॅडम म्हणाल्या. "मी त्यातली आठ घेतली."

"कशाला घेतली?"

धानके साहेबांनी डोळे मिटले.

"मला भूक लागली होती," मॅडम म्हणाल्या.

यमूने विचार केला. "मंग चार घ्या."

"बरं, चार घेतली. राहिली किती?"

"सोळा." आणि मग जरा पुढे सरकून, "खरी आनलीत?"

मॅडम हसल्या. मग त्यांनी एकेकाला विचारलं. काड्या मांडल्या, उचलल्या, लपवल्या. भूमिकेने धडा वाचला, आणि यावेळी पुस्तकाकडे बघून वाचला. अकरापैकी नऊ जणांना सगळं आलं. दोघं अडखळले, तर बाकीचे त्यांना मॅडमच्या डोळ्यांदेखत सांगू लागले. ते नियमात बसत नव्हतं, पण मॅडम नेमक्या त्या वेळी झाडाकडे बघत होत्या. जाताना गोदू आजीने त्यांना नाचणीच्या भाकरीवर शिजवलेला मोह दिला. त्या उभ्यानेच खात म्हणाल्या, "धानके साहेब, ही शाळा कुठे विलीन करायचा विषय आता नको." मी टोपली खाली ठेवली.

आठवड्याने ऑफिसातून एका लिपिकाचा फोन आला. "सर, उपक्रमासाठी प्रशस्तिपत्र द्यायचंय. शिक्षकाचं नाव सांगा."

"लिहा," मी म्हणालो. "यमू, भाविक, धर्मा, भूमिका..."

"सर, शिक्षकाचं."

"तेच सांगतोय. अकरा आहेत."

"एका ओळीत बसणार नाहीत."

"मग दोन ओळी करा."

त्याने कागद बदलल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सावकाश सांगा."

प्रशस्तिपत्र सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आलं, काचेच्या चौकटीत. मी ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि काही सांगितलं नाही. यमू पुढे आली, काचेवर बोट ठेवलं. "य... मू." पुन्हा वाचलं. मग दाराकडे धावत सुटली, "आजे! आजे गो! मी लिवलीय हितं!"

गोदू आजी ओल्या हातांनीच आली. नावं कुठून कुठे आहेत ते यमूने दाखवलं, एकेक वाचून. आजीने हात लुगड्याला पुसले आणि काच हलकेच चाचपली. मग माझ्याकडे वळली.

"गुर्जी, तुमचा नाव कुठं?"

"माझं नाही त्यात, आजी."

तिला वाईट वाटलेलं दिसलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नवीनच हायत तुमी अजून."